एक जूनची माणसं

“चपला बाहेर काढा, मगदूमबाई. आत देव बसलाय.”

नाईकवडीभाऊंची ही रोजची ताकीद. देव म्हणजे कॉम्प्युटर. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत एकच एसी होता आणि तो माणसांसाठी नव्हता, त्या देवासाठी होता. १९९३ सालचा मे महिना. बाहेर उन्हाची आणि भट्टीची पैज लागलेली, आणि मी अनवाणी पायांनी गार फरशीवर बसून तीनशे बारा कामगारांची कार्डं त्या देवाच्या पोटात भरत होते. नाव, टोकन नंबर, खातं, जन्मतारीख, भरतीची तारीख. पाच दिवस हेच! एमएसडब्ल्यू पहिल्या वर्गात पास झालेली मी, कामगारांचं कल्याण करायला म्हणून पर्सोनेल खात्यात आले होते आणि टायपिस्ट होऊन बसले होते. माझा संताप संताप होत होता.

पाचव्या दिवशी दुपारी शेवटचं कार्ड भरलं. म्हटलं, बघू तरी हा देव नवसाला पावतो का. जन्मतारखेप्रमाणे यादी लाव, असा हुकूम दिला. प्रिंटर करकरला, कागद बाहेर आला. मी पहिल्या पानावर नजर टाकली आणि ओरडलेच.

“भाऊ! अहो भाऊ!”

“काय झालं? शॉक बसला का?”

“एक जून पस्तीस. एक जून पस्तीस. एक जून पस्तीस. अहो, सात जण आहेत!”

भाऊ पोट धरून हसले. बावीस वर्षं त्या खात्यात कारकुनी केलेला माणूस. “बाई, एक जून तर माझीबी हाय. माझ्या बायकोची हाय, माझ्या साडूची हाय. पोराला शाळेत घालताना जन्मतारीख कुणाला ठावं असायची? गुरुजी द्यायचे ठोकून एक जून. निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस त्याच दिवशी असतोय.”

“ते मलाही कळतं. तुम्ही साल बघा. आणि खातं बघा.”

भाऊंनी चष्मा चढवला. बोट कागदावरून खाली सरकायला लागलं. “भट्टी... भट्टी... भट्टी...” सातव्या भट्टीला त्यांचं बोट थांबलं आणि हसूही.

आमच्याकडं अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. म्हणजे ही सातही माणसं एकतीस मेला घरी जाणार. त्या दिवशी तारीख होती तेरा. भट्टीवर माणसं होती एकूण नऊ, त्यातले दोघे नुसता कोळसा ओढणारे. म्हणजे एक जूनला सकाळी भट्टी पेटवायला कुणीच नाही. आणि भट्टी नाही तर साच्यात ओतायचं काय? तीनशे बारा माणसांनी हातावर हात ठेवून बसायचं?

“पण भाऊ, तुमच्या डायरीत नोंद असेल ना?”

भाऊंनी डायरी आणली. निवृत्तीची पत्रं त्या डायरीवरूनच निघायची, पंधरा दिवस आधी. एकतीस मेच्या पानावर त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: ‘भट्टी. ज्ञानू वगैरे.’

“भाऊ, वगैरे म्हणजे सहा माणसं हो!”

“चुकलंच की,” भाऊ पुटपुटले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मी तशीच धावत वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. खासनीस साहेब पुण्याचे. बोलणं मोजकं आणि करवतीसारखं. नव्या ट्रॅक्टर कंपनीची ऑर्डर जूनपासून सुरू व्हायची होती, त्याचे कागद ते वाचत होते. मी यादी समोर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

“ज्ञानदेव खाडेसुद्धा?”

“हो साहेब.”

ते उठून खिडकीशी गेले. त्यांना काय वाटलं ते मला कळलं. ज्ञानूनाना खाडे म्हणजे आमची भट्टी. भोकाच्या निळ्या काचेतून आत बघायचे आणि लोखंड कधी सोडायचं ते सांगायचे. बाकीचे सहा जण हात होते, डोळे एकट्या नानांचे. तपमान मोजायचं एक महागडं यंत्र कंपनीनं आणलं होतं, पण ते खोक्यातच पडून होतं, कारण नानांचं आणि त्याचं दर वेळी भांडण व्हायचं आणि दर वेळी नाना बरोबर निघायचे.

“मुदतवाढ देता येईल,” खासनीस म्हणाले. “पण युनियनच्या सहीशिवाय नाही. आणि ती मिळणार नाही, कारण गेल्या वर्षी त्यांनी एकासाठी मागितली तेव्हा मी नाही म्हटलं होतं. तुमचं प्रोबेशन कधी संपतं, मगदूम?”

“एकतीस मे.”

“उत्तम. ती सही तुम्ही आणा. एक जूनला भट्टी पेटली तर तुम्ही कायम. नाही पेटली तर एकतीसला आपण सात नाही, आठ सत्कार करू.”

बाहेर आले तेव्हा माझे कान लाल झाले होते. भाऊ दाराशीच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“बाई, एक सांगू? ह्या खुर्चीत बसणाऱ्याला साहेबबी शिव्या देतोय आणि युनियनबी देते. दोन्हीकडनं सारख्या आल्या तर समजायचं, तराजू सरळ हाय. एकाच बाजूनं यायला लागल्या की काटा कलला. साहेबाकडच्या सुरू झाल्या. आता चौगल्याकडच्या खाऊन या जावा. आणि आवाज चढला की चहा मागवा. कँटीनचा नको, गेटासमोरच्या गाड्यावरचा. कँटीनचा चहा कंपनीचा असतोय, गाड्यावरचा कुणाचाच न्हाई.”

रंगराव चौगले युनियनचा सेक्रेटरी. लेथवर काम करायचा, आणि बोलायला लागला की लेथपेक्षा मोठा आवाज. मी मुदतवाढ हा शब्द काढला मात्र, तो टेबलावर थाप मारून उठला.

“मुदतवाढ? गेल्या साली माझ्या सख्ख्या मामाला एक वर्ष मागितलं, तवा तुमच्या साहेबानं अर्ज फेकून दिला! आणि बदलीची पोरं? पाच-पाच वर्षं झाली, गेटावर ताटकळत्यात. म्हाताऱ्यांना ठेवून घेतलं तर ही कायम कधी होणार? जमणार न्हाई. सांगा जावा!”

मी चहा मागवला. गाड्यावरचा. चौगले कपाकडं बघत बसला, मग त्यानं बशीत ओतून फुर्र करून घेतला. तेवढ्यात माझ्या डोक्यात जे काय शिजलं होतं ते मी सांगून टाकलं.

“सातांना एकदम ठेवायचंच नाही. एक जण एकतीस मेलाच जाईल. मग दर दोन महिन्यांनी एक. प्रत्येकानं जाण्याआधी एक बदलीचा पोरगा तयार करायचा, आणि तो गेला की त्या जागी पोरगा कायम. सात गेले, सात कायम. लेखी.”

चौगलेनं बशी खाली ठेवली. “सात कायम?”

“सात.”

“ह्ये बरं हाय,” तो सावकाश म्हणाला. आणि लगेच त्याचे डोळे बारीक झाले. “पण पयला कोण जाणार आणि शेवटाला कोण ऱ्हाणार? शेवटच्याला वरसभर पगार मिळणार. ते ऑफिसनं ठरवलं तर ऑफिसचा लाडका शेवटाला. चालणार न्हाई.”

“वयाप्रमाणे.”

“वय सातांचं एकच की!”

“मग नोकरीला लागले त्याप्रमाणे.”

“एकाच दिवशी लागल्यात. फाउंड्री सुरू झाली त्या दिवशी.”

“टोकन नंबर?”

“त्ये तर गेटावर उभं ऱ्हायले तसं दिलं. शिवा पळत जाऊन म्होरं उभा ऱ्हायला म्हणून त्येचा पयला. आणि पळणाऱ्याला काय शिक्षा, आधी घरी जा?”

बरोबर बोलत होता. मला हसूही येत होतं आणि रडूही. सगळे कागद तपासले. तीस वर्षांच्या नोकरीत त्या सात माणसांना एकमेकांच्या पुढं-मागं करणारा एकही कागद आमच्या कपाटात नव्हता.

शेवटी मी भट्टीवर गेले. जेवणाची सुट्टी होती. सातही जण एकाच फडक्याभोवती बसून भाकरी खात होते. सगळे एकाच गावचे, डवरवाडीचे.

“नाना, तुम्हा सातांत मोठं कोण?”

सातही जण हसायला लागले. नानांनी मिरचीचा तुकडा भाकरीवर ठेवला. “बाई, त्येची लई गंमत हाय. गावात शाळा सुरू झाली तवा पटावर पोरं कमी पडत हुती. न्हाईतर शाळा बंद. मग गुरुजी रानात हिंडले आणि दिसंल ते पोरगं धरून आणलं. मी औत हाकत हुतो, बारा-तेरा वरसांचा घोडा. आणि ह्यो शिवा भावाच्या मागनं आलता, नाक वघळत. गुरुजींनी सगळ्यांस्नी पयलीत बसवलं आणि एकच तारीख लिवली. संपलं!”

“मग आता खरं कुणाला माहीत?”

“आमच्या आया तर गेल्या सगळ्या. आमाला रांगंत उभं करणारी एकच बाई शिल्लक हाय. गौराई. सुईण. सातांच्याबी नाळा तिच्या घरातनंच कापल्यात.”

मी तिथंच टाळी वाजवली. भट्टीवरची माणसं माझ्याकडं बघायलाच लागली.

रविवारी मी लुनावरून डवरवाडीला निघाले. पुढं चौगले त्याच्या राजदूतवर, साक्षीला. गावात पोचलो तर देवळापुढच्या पटांगणात सगळं गाव गोळा झालेलं. झाडावर पोरं, ओट्यावर बायका. मधे घोंगडीवर गौराई. पंच्याहत्तरीच्या पुढची, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज खणखणीत. आणि तिच्यासमोर सात म्हातारे, धुवट कपडे घालून, परीक्षेला बसल्यासारखे.

“ज्ञानू कुठं हाय? ये हिकडं.” तिनं नानांचा चेहरा चाचपला. “तू पयला. तुझ्या येळंला मी सासूसंगं कंदील धरून उभी हुते. नवीन लगीन माझं, हात लटालटा कापत हुतं. सासूनं मला एक ठेवून दिली तवा कंदील सरळ झाला. तू उभा ऱ्हा हितं.”

नाना उभे राहिले. मी वहीत लिहिलं: एक, ज्ञानदेव.

“यशवंता, तू त्येच्या मागं. आणि ह्यो कोण मधी घुसतोय? केरबा? मागं सर!”

“अगं आज्जी, मी थोरला हाय यशवंतापरास.”

“थोरला?” गौराईनं नेमका त्याचा कान पकडला. “यशवंताच्या बारशाच्या घुगऱ्या खाऊन तुझी आई घरला गेली आणि मग तिला डोहाळं लागलं. सर मागं!”

सगळं पटांगण खदाखदा हसलं. अठ्ठावन्न वर्षांचा केरबा कान चोळत मागं सरला. मग बायकांनाही चेव आला. एक म्हणाली, पांडबा पाटलाची म्हैस वाहून गेली त्या पुरातला. दुसरी म्हणाली, छट्, तो तर पुढच्या साली. गौराई दोघींचं ऐकून घ्यायची आणि निकाल द्यायची. माणसं पुढं सरकत होती, मागं सरकत होती. माझी वही भरत होती. असली भन्नाट दुपार मी जन्मात पाहिली नव्हती! कॉलेजात दोन वर्षं मानवी संबंध शिकले, पण कान धरून लावलेली ज्येष्ठता यादी कुठल्याच पुस्तकात नव्हती.

सगळ्यात शेवटी शिवा. “ह्यो शेंडेफळ,” गौराई म्हणाली. “ह्येच्या येळंला माझी धाकटी पोटात हुती. आणि माझ्या धाकटीला आता...” ती बोटं मोजायला लागली. “साल सांगू का गं पोरी? सगळ्यांची सांगते. लिवून घे.”

मी पेन टेकवलं आणि थांबले. मनात आपोआप हिशेब झाला होता. गौराईच्या लग्नाचं साल आणि तिच्या धाकटीचं वय मघाशी बायकांच्या बोलण्यात येऊन गेलं होतं. नाना त्रेसष्टचे होते. शिवा छप्पन्नचा. हे माझ्या वहीत आलं असतं तर कारखान्याच्या फायलीत गेलं असतं, आणि फायलीतून काय निघेल याचा नेम नाही. खोटी तारीख देऊन पाच वर्षं जास्त नोकरी केली, असं एखादा वकील म्हणू शकला असता. ती तारीख नानांनी दिलीच नव्हती, गुरुजींनी दिली होती. पण कागद हे विचारत नाही.

मी पेनाचं टोपण लावलं. “साल नको, आज्जी. मला नुसती रांग पाहिजे.”

चौगले माझ्याकडं बघत होता. त्यानं मान हलवली.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले होते! रांगेत पहिले नाना. म्हणजे एकतीस मेला जाणारे नाना. ज्या माणसाच्या डोळ्यांवर भट्टी चालत होती तोच आधी जाणार.

“नाना,” मी हळूच म्हटलं, “तुम्ही पहिले आलात.”

“मग?” नाना छाती काढून उभे होते, कुस्ती मारल्यासारखे. “आधी आलो, आधी जाणार. ह्यात इचारायचं काय?”

सोमवारी सकाळी कॉम्प्युटरच्या खोलीतच मी कराराचा मसुदा टाइप केला आणि गरम कागद घेऊन खासनीस साहेबांसमोर ठेवला. दर दोन महिन्यांनी एक, सात बदली कायम, खाली नावांचा क्रम. वहीतल्या रांगेखाली चौगलेची सही मी गावातच घेतली होती. साहेबांनी वाचता वाचता मान डोलावली आणि शेवटच्या परिच्छेदाला त्यांचा चेहरा बदलला.

“ज्ञानदेव खाडे पहिला? तुम्हाला वेड लागलंय? तोच तर हवाय मला!”

“रांग तशीच लागली, साहेब.”

“मग बदला. टोकन नंबरप्रमाणे लावा. त्यात तो शेवटी येतो, मी पाहिलंय.”

“रांग सगळ्या गावासमोर लागलीय. आता एक नाव हलवलं तर चौगले सही मागं घेईल. आणि बरोबर करेल.”

“बरं. मग प्रत्येकाच्या नावापुढं खरं वय लिहा. हा क्रम कशावरून, हे मला कळलं पाहिजे.”

“वय कार्डावर आहे. एक जून पस्तीस. सातांचंही.”

“मगदूम, मी तुम्हाला सांगतोय.”

“ऐकतेय साहेब.” आणि मग माझं डोकं फिरलंच. “पण मी लिहिणार नाही! तीस वर्षं ती तारीख तुम्हाला चालली. पगाराला चालली, फंडाला चालली. आता ती माणसं जायच्या दारात आली तेव्हा खरं वय पाहिजे? तुम्हाला लिहायचं असेल तर तुम्ही लिहा, सहीपण तुम्हीच करा. मी एकतीसपर्यंत थांबत नाही, आत्ता चपला घालून निघते!”

खासनीस साहेबांनी माझ्या पायांकडं पाहिलं. “चपला कुठं आहेत?”

मी खाली बघितलं. अनवाणी! तशीच आले होते. सगळं अवसान गळालं.

“कागद ठेवा,” ते म्हणाले. “आणि आधी चपला शोधा.”

दुसऱ्या दिवशी करार सही होऊन आला. एकही नाव हललं नव्हतं. सही झाली, पण आता भट्टीचं काय? मी नानांना जाऊन सांगितलं, तेरा दिवस राहिले. नाना भट्टीपुढं उभे होते. नुसते वळले आणि भट्टीकडं पाठ करून उभे राहिले.

“शिवा,” त्यांनी हाक मारली, “काचेला डोळा लाव. रंग सांग.”

“मी?” शिवाचा चेहरा पांढराफटक. “नाना, तुमी बघा की.”

“मी बघितलं की तुमी बघत न्हाईसा. तीस वरसं ह्येच झालंय. रंग सांग.”

तेरा दिवस नानांनी मागं वळून बघितलं नाही. आठ तास भट्टीकडं पाठ, हात कमरेवर, आणि तोंडानं सवाल. “पिवळा म्हंजे कसला पिवळा? कच्च्या आंब्याचा का पिकल्या?” “पिकल्या, नाना.” “मग सोड की, का त्येचं लोणचं घालणार हायस?” पहिल्या दिवशी शिवानं घाईनं सोडलं आणि लोखंड साच्यापर्यंत जाईतो घट्ट झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. खासनीस साहेब तांबडेलाल होऊन येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. शिवाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तरी नाना वळले नाहीत. फक्त त्यांच्या मानेची शीर टरारलेली मला दिसली. सगळा कारखाना काम टाकून बघायला यायचा. चौगले तर पैजा लावायचा! आठव्या दिवशी शिवानं न विचारताच हात वर केला, केरबानं खालच्या तोंडाची माती फोडली आणि पांढरंशुभ्र लोखंड उसळत आलं. ओतलेला माल सगळा पास. माणसांनी शिट्ट्या मारल्या. नानांनी पाठमोरंच विचारलं, “कसं झालं?” पण त्यांना कळलं होतं. आवाजावरून कळतं त्यांना.

एकतीस मेला नानांचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. त्यांनी टोकन माझ्या हातात दिलं, तीस वर्षांत त्याच्यावरचा आकडा गुळगुळीत झाला होता.

एक जूनला सकाळी सातला मी गेटावर. भट्टीला पंखा लागला, धूर निघाला. आणि बघते तर गेटाबाहेर, चहाच्या गाड्याशी नाना उभे! कालचाच फेटा बांधलेला.

“नाना! आत या की.”

“टोकन न्हाई आता. आत कसा येणार?” त्यांची नजर धुराड्यावर. “जाऊ द्या बाई. तुमी कामाला जावा.”

कुठली जाते मी! मीही गाड्याशी उभी राहिले. माझी नोकरी त्या धुराड्यातच अडकली होती. आठ वाजले. साडेआठ. नाना पुटपुटत होते, “धूर बरा हाय... पंखा बरा हाय... आता सोडंल. आता. शिवा, सोड रं.” काहीच नाही. लोखंड सोडताना भट्टीवर घंटा व्हायची, ती होईना. नानांनी माझा दंड धरला. “का सोडंना? का सोडंना त्यो?”

आणि ठण! ठण! ठण!

मी गाड्याशी चक्क उडी मारली. नाना मात्र मटकन खाली बसले, रस्त्याच्या कडेला, फेट्यासकट. मला वाटलं, चक्कर आली. वाकून बघते तर हसत होते आणि डोळे गळत होते.

“दोन मिंट उशीर केला, बाई.”

“चुकलं का?”

“न्हाई, न्हाई! काल रातच्याला वळीव येऊन गेला. कोळसा ओला असणार. मी माझ्या अदमासानं आधी सोडलं असतं आणि बिघडवलं असतं. त्येनं भट्टी बघितली. त्यो बरोबर हाय.” त्यांनी फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं. “च्या सांगा की दोन. पैसं मी देणार.”

दुपारी खासनीस साहेबांनी मला कायम झाल्याचं पत्र दिलं. वाचलं तर त्यावर तारीख सतरा मे. मी अनवाणी पायांनी भांडायला गेले होते ना, तो दिवस.

“साहेब, तारीख चुकलीय.”

“चुकलेली नाही,” ते कागदांतून मान वर न काढता म्हणाले. “जा, काम करा.”

त्यानंतर बत्तीस वर्षं मी हेच काम केलं. पर्सोनेलचं एचआर झालं, देवाची खोली गेली, प्रत्येकाच्या टेबलावर एकेक देव आला. किती करार, किती संप, किती सत्कार. शिव्या दोन्हीकडून पोटभर खाल्ल्या. भाऊंना भेटले की मी सांगायचे, “भाऊ, सरळ आहे हं अजून.” त्यांना कळायचं कशाबद्दल ते.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. शेवटचे अठरा दिवस मी माझी खुर्ची फिरवून खिडकीकडं तोंड करून बसले, टेबलाकडं पाठ. माझ्या जागी येणारी अफसाना बागवान सुरुवातीला घाबरलीच. “मॅडम, तुम्ही बघा ना एकदा!” “मी बघितलं की तू बघत नाहीस. सांग, समोर बसलेला माणूस काय म्हणतोय?” जीभ नुसती वळवळायची माझी. पण नाही वळले.

टोकन दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझे पाय आपोआप गेटाकडं वळले. आत जाणार कशी? गाड्याशी बसले. गाडा आता पत्र्याचं दुकान झालाय, त्या गाडेवाल्याचा मुलगा चालवतो. अकराला युनियनची बैठक होती, पगारवाढीची. मला घड्याळ बघायची गरज नव्हती. साडेअकराला आवाज चढतो. मग चहा मागवायचा, गाड्यावरचा. साडेअकरा झाले. दुकानातला फोन वाजेना. मी मनात म्हटलं, पोरी, मागव. मागव गं. का मागवेना ही? माझा कप हातातच गार झाला.

आणि फोन वाजला. गाडेवाल्यानं तो कानाला लावला, मोठ्यानं ओरडला, “नऊ चहा, एचआरला!” पोरं ट्रे भरायला लागली. मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं उशीर झाला होता.

बरोबर केलं होतं तिनं.